डाव्या हाताची घडी

घडीबाईंचा राग सगळ्या इमारतीच्या ओळखीचा होता. जिन्यात कुणी बूट आडवे काढून ठेवले, कुणी वाळलेली चादर टोकं न जुळवताच ओढून नेली, की त्यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगायची. पण तो राग घरगुती. बोलून झालं की निवायचा आणि वर त्याच माणसाला त्या चहाला बोलवायच्या. त्या मंगळवारी सकाळी चौकातल्या दुकानाच्या मागच्या फाटकाशी त्यांना जो राग आला, तो मात्र आजतागायत निवलेला नाही. निवू नये, असंच सांगणाऱ्याचंही मत आहे.

आधी घडीबाई कोण ते सांगतो, मग राग. घडीबाईंनी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घातल्या. चारही टोकं जुळल्याशिवाय चादर हातावेगळी करायची नाही, हा तिथला नियम त्यांच्या हाडीमासी खिळला होता. फाटकी चादरसुद्धा तिथे कुणी फेकत नसे. तिची फडकी होत, फडक्यांची पुसणी होत आणि पुसणी चिंध्या होईपर्यंत राबत. नोकरी संपली तेव्हा घडीबाई हे नाव मात्र त्यांच्याबरोबर घरी आलं.

घरात त्या आणि त्यांच्या मोठ्या जाऊबाई, अशा दोघीच. दोघींचे नवरे मागेपुढे गेले, मुलं पोटापाण्यासाठी दूर पांगली, आणि ज्यांनी उभा जन्म एकमेकींचं तोंड बघणं टाळलं त्या दोघी दोन खोल्यांत समोरासमोर येऊन पडल्या. भांडण मुळात कशावरून झालं हे दोघींनाही पक्कं आठवत होतं. फक्त दोघींना आठवणारी भांडणं वेगवेगळी होती.

दीड वर्षापूर्वी एका दुपारी मोठ्या जाऊबाईंची उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला. जीभ तेवढी परत आली, पण जड होऊन. पूर्वी त्या एका दमात तीन टोमणे मारायच्या, आता एका टोमण्याला तीन दम लागायचे. चाकांच्या खुर्चीत बसून त्या आपल्या उजव्या हाताकडे अशा बघायच्या, जणू कुणीतरी आपलं सामान त्यांच्या मांडीवर ठेवून निघून गेलंय. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईने बजावलं होतं, की डाव्या हाताला काम द्या, नाहीतर तोही रुसेल. तिने दाबायला एक मऊ चेंडू दिला. मोठ्या जाऊबाईंनी तो तासाभरात खिडकीतून बाहेर भिरकावला आणि मी काय मांजर आहे का, असं विचारलं.

मग काम मिळालं ते प्लास्टिकच्या पिशव्यांचं.

चौकातल्या मोठ्या दुकानाने दाराशी एक हिरवी पेटी ठेवली होती. पुढून काच, वरती फट आणि काचेवर ठळक अक्षरं: ‘तुमची पिशवी परत द्या. आम्ही तिला नवा जन्म देऊ.’ बाजूला काळी पाटी, तिच्यावर खडूने लिहिलेलं ‘आजवर गोळा झालं’ आणि पुढे किलोचा आकडा. गोळा झालेल्या पिशव्या दाबून त्यांचे गठ्ठे बांधायचे, गठ्ठे कारखान्यात जायचे, तिथे त्या वितळून त्यांचे दाणे व्हायचे आणि दाण्यांपासून पुन्हा काहीतरी कामाचं. घडीबाईंना हे मनापासून पटलं. फेकायचं नाही, पुसणी होईपर्यंत वापरायचं, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी अख्खी इमारत कामाला लावली. तिसांहून जास्त घरं. पिशवी धुऊन, वाळवून द्यायची. कुणी ओली दिली तर ती संध्याकाळी त्याच्याच दाराच्या कडीला परत लटकलेली असायची, आणि त्यावर अपील नसे. पिशव्या घरी आल्या की मोठ्या जाऊबाईंच्या खुर्चीला जोडलेल्या फळीवर पडायच्या. पिशवीचं एक टोक बंद पडलेल्या जुन्या जड इस्त्रीखाली दाबायचं, डाव्या हाताने पिशवी सपाट करून तिची लांब पट्टी करायची, मग टोकापासून त्रिकोण, त्रिकोणावर त्रिकोण, आणि शेवटी उरलेलं शेपूट आत खोचायचं. घडीबाईंनीच शिकवली ही घडी. पण डाव्या हाताने घातल्यामुळे जाऊबाईंचं शेपूट नेहमी उलट्या बाजूने खोचलेलं असायचं. सुरुवातीला एका पिशवीला अर्धा तास लागला. महिन्याभरात त्या तासाला वीस करू लागल्या. पेटीचा चेहरामोहराच बदलला. काचेमागे बोळे दिसायचे तिथे रांगोळीसारखे नेटके त्रिकोण दिसू लागले.

“अजून… होतंय माझ्या हातून,” त्या एकदा म्हणाल्या. टोमणा नव्हता. घडीबाईंनी पुढची पिशवी फळीवर सरकवली, कारण जाऊबाईंच्या साध्या वाक्याला उत्तर द्यायची सवयच त्यांना नव्हती.

दर खेपेला घडीबाई पेटीत पिशव्या टाकून आल्या की जाऊबाईंचा एकच प्रश्न असे, पाटीवर किती झाले? आकडा ऐकला की त्या मान हलवायच्या, जसा काही त्यातला अर्धा त्यांचा एकटीचाच होता.

दुकानाच्या आतला कारभार मात्र घडीबाईंना कधीच पसंत नव्हता. त्या स्वतः जुन्या चादरीच्या शिवलेल्या, निळ्या काठाच्या दोन पिशव्या नेत. गल्ल्यावरची मुलगी काय करायची, तर कांदे एका प्लास्टिकमध्ये, साबण दुसऱ्यात, पाव तिसऱ्यात घालून मग ते सगळं त्या कापडी पिशवीत ठेवायची. घडीबाई तिथल्या तिथे एकेक जिन्नस बाहेर काढून प्लास्टिक तिला परत द्यायच्या. मागची रांग खोळंबायची. कुणी सुस्कारा सोडलाच तर त्या मागे वळून बघायच्या, की मग रांगेत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नसे. खालच्या मजल्यावरचे मास्तर तेवढे धीट. प्रत्येक वस्तूला ते एकावर एक दोन पिशव्या मागून घेत आणि वर म्हणत, “घेतो तशा परतही देतो की. पेटी आहे ना दाराशी.”

तर त्या मंगळवारी घरी पिशव्या फार साठल्या, म्हणून घडीबाई रिकामं खोकं मागायला दुकानाच्या मागच्या फाटकाशी गेल्या. तिथे कचऱ्याची गाडी उभी होती. गाडीवरचा माणूस कुजलेल्या भाजीचे, फुटलेल्या बाटल्यांचे थैले एकामागून एक वर फेकत होता. त्यातला एक थैला गाडीच्या कडेला अडकून फाटला आणि पसाभर त्रिकोण घडीबाईंच्या पायाशी सांडले.

त्यांनी एक उचलला. शेपूट उलट्या बाजूने खोचलेलं होतं. दुसरा उचलला. तोही तसाच.

त्यांनी त्या माणसाला विचारलं, की हे कुठून आलं? तो म्हणाला, पुढच्या पेटीतून, दर मंगळवारी येतं. कधीपासून? तो म्हणाला, मला या गाडीवर लागून सात-आठ महिने झाले, तेव्हापासून तर मीच नेतोय. त्याने सांडलेले त्रिकोण फावड्याने गोळा केले, भाजीच्या पाण्यात लडबडलेले, आणि गाडीत टाकले. त्याचा काही दोष नव्हता. त्याला जे मिळालं ते तो नेत होता. पण त्या फावड्याचा आवाज ऐकून घडीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मॅनेजरची खोली वरच्या मजल्यावर होती, काचेची, आत कुंडीत एक प्लास्टिकचं झाड. तो तिशीतला, गुळगुळीत दाढीचा आणि त्याहून गुळगुळीत बोलण्याचा. त्याने आधी पाणी दिलं, मग कानांवर हात ठेवले. मग म्हणाला, आज चुकून तसं झालं असेल. घडीबाईंनी गाडीवरच्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं त्याच्यापुढे मांडलं, तेव्हा त्याने खण उघडून एक पत्र काढलं. कारखान्याचं होतं, सात महिन्यांपूर्वीचं. दुकानाने पाठवलेले गठ्ठे ते परत करत होते. कारण, आत घट्ट घड्या घातलेल्या पिशव्या सापडतात. घडीच्या आत ओल राहते, बिलांचे कागद राहतात, यंत्राला ते झटकता येत नाही आणि हाताने एकेक उघडत बसायला माणसं नाहीत. पिशव्या मोकळ्या आल्या तरच गठ्ठे घेऊ.

“म्हणजे आजी, खरं सांगायचं तर,” मॅनेजर म्हणाला, “तुमच्या ह्या त्रिकोणांमुळेच माल परत आला.”

घडीबाईंना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. एकतीस वर्षांत त्यांची एक घडी कुणी परत पाठवली नव्हती.

त्यांनी पत्रावरची तारीख पुन्हा पाहिली. मग त्यांनी विचारलं, की सात महिन्यांत दाराशी एक कागद का नाही लावला? घड्या घालू नका, एवढंच लिहायचं होतं. मॅनेजर हसला. तो म्हणाला, लोक एवढ्या प्रेमाने आणतात, त्यांचा हिरमोड कशाला करायचा? शिवाय पेटी लोकांना आवडते, पेटी पाहून लोक दुकानात येतात, मुख्य कचेरीचीही तशी इच्छा आहे.

“आणि तो पाटीवरचा आकडा?”

“तो गोळा झालेल्याचा आहे. ‘गोळा झालं’ असंच लिहिलंय ना आपण? पुढे काय झालं ते कुठे लिहिलंय?”

“नवा जन्म देऊ असं लिहिलंय.”

“ते घोषवाक्य आहे, आजी.”

घडीबाई उठल्या. याच्यावर बोलायला शब्द पुष्कळ होते. सुचले ते सगळे जिना उतरताना. माणसाने खोटं बोलावं, त्यालाही काही रीत असते. पण खोटं बोलून वर ते व्याकरणाच्या आडोशाला उभं करायचं म्हणजे निर्लज्जपणाची हद्द झाली. आणि तरीही त्या सगळ्या रागाच्या तळाशी ‘तुमच्यामुळेच’ हा शब्द माशाच्या काट्यासारखा रुतून बसला होता. तो खोटा नव्हता, हेच तर दुखणं होतं.

घरी पोचल्या तर मोठ्या जाऊबाई फळीवर इस्त्री सरकवत बसल्या होत्या.

“किती झाले… पाटीवर?”

घडीबाईंनी आकडा सांगितला. येता येता पाहिलेला, खडूने ठळक लिहिलेला, कालच्यापेक्षा वाढलेला आकडा. जाऊबाईंनी मान हलवली आणि नवी पिशवी ओढली.

त्या दिवशी सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर व्यायामवाली बाई आली होती आणि जाऊबाईंच्या बोटांत किती ताकद आली याचं कौतुक करत होती. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी एक त्रिकोण पुढे केला आणि म्हणाल्या, बघ, आता शेपूट सुटतच नाही. घडीबाईंनी तो हातात घेतला. खरंच सुटत नव्हतं. त्या भरलेला थैला घेऊन घराबाहेर पडायच्या, चौकाला वळसा घालून परत यायच्या आणि जाऊबाईंचा डोळा लागला की तो आपल्या खाटेखाली सरकवायच्या. असे चार दिवस गेले. इमारतीत कुणी धुतलेल्या पिशव्या आणून दिल्या की त्या घ्यायच्या, शाबासकी द्यायच्या आणि दार लावून घ्यायच्या. रागाने आतल्या आत खदखदत होत्या, आणि त्या खदखदीत आपण नेमकं काय करतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शनिवारी दुपारी जाऊबाईंच्या मांडीवरून एक त्रिकोण घसरला आणि खाटेखाली गेला. घडीबाई स्वयंपाकघरात होत्या. जाऊबाईंनी खुर्ची एका हाताने ढकलत नेली आणि काठीच्या वाकड्या मुठीने खाटेखाली चाचपलं. मुठीला थैल्याचा बंद अडकला. त्या ओढत राहिल्या. घडीबाई चहा घेऊन बाहेर आल्या, तर खोलीभर त्रिकोण पसरले होते आणि त्यांच्या मधोमध जाऊबाई बसल्या होत्या.

“हे… इथे का?”

घडीबाई म्हणाल्या, की खोकं मिळालं नाही, म्हणून तात्पुरतं ठेवलंय. असं म्हणता म्हणता त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि त्याची टोकं जुळवायला लागल्या.

“खोटं बोलताना… तू नेहमी… काहीतरी घडी घालतेस,” जाऊबाई म्हणाल्या. “चाळीस वर्षं… बघतेय.”

मग घडीबाईंनी सगळं सांगितलं. फाटक, फावडं, पत्र, मॅनेजर, घोषवाक्य. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, आणि घड्यांपाशी आला तेव्हा एकदम खाली बसला. जाऊबाई ऐकत होत्या. तळहातावर एक त्रिकोण होता, तो त्या अंगठ्याने फिरवत राहिल्या.

“म्हणजे… माझ्यामुळे.”

“आपल्यामुळे. घडी मी शिकवली. आणि त्या मेल्याने सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी बंद केली असती.”

“तू कधी… सांगणार होतीस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, ताई. तुमच्या हाताला एवढं एकच काम…”

जाऊबाईंनी डावा हात वर केला, तशा त्या थांबल्या.

“तोही… हेच म्हणाला ना? हिरमोड नको.” त्यांनी दम घेतला. “त्याने सात महिने… माझा हिरमोड टाळला. तू चार दिवस. हात गेलाय माझा… अक्कल नाही.”

घडीबाई खाटेवर बसल्या. चार दिवस ज्या रागाचं ओझं घेऊन त्या चौकाला वळसे घालत होत्या, त्या रागाचा पत्ता आपल्याच घराचा निघेल, याची त्यांना कल्पना नव्हती. हातातला टॉवेल खाली ठेवून त्या म्हणाल्या, “चुकलं माझं.” चाळीस वर्षांत दोघींपैकी कुणीही दुसरीला हे दोन शब्द म्हटले नव्हते. जाऊबाईंनी ते ऐकले की नाही कोण जाणे, त्या पाटीचा विचार करत होत्या.

“आकडा… अजून वाढतोय?”

“कालसुद्धा वाढलाय.”

“ने मला तिथे. थैले घे. इस्त्री घे.”

शनिवारची संध्याकाळ म्हणजे दुकानात मुंगीला शिरायला जागा नसते. दाराशी, हिरव्या पेटीला लागून, घडीबाईंनी चाकांची खुर्ची लावली. दोन्ही बाजूंना दोन थैले ठेवले, एक भरलेला, एक रिकामा. जाऊबाईंनी फळीवर त्रिकोण ठेवला, त्याचं टोक इस्त्रीखाली दाबलं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी शेपूट ओढलं. निघेना. घट्ट बसावं म्हणून त्यांनीच जीव ओतला होता. तिसऱ्या ओढीला ते सुटलं. त्यांनी पट्टी उलगडली, पिशवी झटकली आणि मोकळी करून रिकाम्या थैल्यात सोडली. मग दुसरा त्रिकोण घेतला. घालण्यापेक्षा उघडणं अवघड होतं, हे बघणाऱ्या कुणालाही दिसत होतं.

लोक आधी वळसा घालून गेले. मग एक बाई थांबली आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. घडीबाईंनी तोंड उघडलं होतं, पण जाऊबाईंनी त्यांना कोपराने गप्प केलं.

“आमची चूक झाली,” जाऊबाई म्हणाल्या. “घड्या घातल्या. कारखान्याला… चालत नाहीत. सुधारतोय.” त्यांनी आणखी एक शेपूट ओढलं. “सात महिने… ह्या पेटीतलं सगळं… कचऱ्याच्या गाडीत जातंय. ती चूक कुणाची… ते आत विचारा.”

घडीबाईंनी हे सांगितलं असतं तर त्या कडाडल्या असत्या आणि लोक कटकट नको म्हणून पुढे सरकले असते. जाऊबाईंचा प्रत्येक शब्द उशिरा येत होता, म्हणून लोक पुढच्या शब्दासाठी थांबत होते. दाराशी दहा माणसं झाली, मग वीस. त्यातली निम्मी इमारतीतली. घडीबाईंनी त्यांच्यासमोर मान खाली घालून सांगितलं, की मला मंगळवारपासून माहीत होतं, मी चार दिवस लपवलं, तुमच्या पिशव्या माझ्या खाटेखाली होत्या. हे सांगताना त्यांचे हात रिकामे होते.

आता गर्दी आतल्या बाजूला बघू लागली. मॅनेजर लगबगीने आला. आजींना इथे वाऱ्यात कशाला बसवलंय, आत बसू, चहा घेऊ, असं तो म्हणाला.

“चहा नको,” घडीबाई म्हणाल्या. “ते पत्र आण आणि ह्या काचेवर लाव.”

तो म्हणाला, ते दुकानाचं खाजगी पत्र आहे. घडीबाई म्हणाल्या, मग निदान तो आकडा पूस. त्यावर त्याने हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. आकडा खराच आहे, रीतसर वजन करूनच लिहिलेला आहे, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

गल्ल्यावरची मुलगी दारात येऊन उभी होती. तिचा हात खडूने पांढरा झालेला घडीबाईंनी कितीदा पाहिला होता. ती कुणाकडेही न बघता म्हणाली, “पेटीचा वजनकाटा केव्हाचा बंद आहे. साहेब सांगतात तेवढा मी वाढवते.”

आणि तिने कमरेचं फडकं काढून पाटी पुसली. घाईघाईने नाही, कोपऱ्यांपासून, नीट, जशी ती रोज सकाळी गल्ला पुसायची. तिची नोकरी त्या फडक्याबरोबर जाऊ शकत होती, हे तिलाही कळत होतं आणि बघणाऱ्यांनाही.

तेवढ्यात आतून मास्तर बाहेर पडले. दोन्ही हातांत पिशव्या, एकात एक घातलेल्या. काय चाललंय ते कळायला त्यांना क्षणभर वेळ लागला. मग ते नेहमीसारखं पेटीकडे बघून काहीतरी बोलायला गेले आणि थांबले.

“मास्तर,” जाऊबाई म्हणाल्या, “ही पेटी नसती… तर एवढ्या… घेतल्या असत्यात?”

मास्तर आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारत आले होते. ते पुटपुटले, की फिरायला निघालो होतो, तसाच इकडे आलो, घरची पिशवी विसरलो. घडीबाईंनी खांद्यावरची निळ्या काठाची एक पिशवी काढून त्यांच्यापुढे धरली आणि काही न बोलता त्यांचं सामान तिच्यात भरलं. कांदे, साबण, पाव, साखर, सगळे एकत्र, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. दुसरी कापडी पिशवी जाऊबाईंनी मागून घेतली. इस्त्रीखाली टोक दाबलं, पट्टी केली, त्रिकोणावर त्रिकोण घातला आणि शेपूट उलट्या बाजूने खोचलं. मूठभर झाली. ती त्यांनी मास्तरांच्या कोटाच्या खिशात कोंबली.

“हिला… घडी चालते,” त्या म्हणाल्या. “खिशातच राहू दे. आता विसरलात… तर बघा.”

मास्तरांच्या हातात आठ रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या उरल्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि त्या आठही मॅनेजरच्या हातात दिल्या. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बाईने आपलं सामान छातीशी कवटाळलं आणि आपल्या चार पिशव्या त्यांच्यावर ठेवल्या. मग आणखी कुणीतरी. मग इमारतीतली सगळीच. बघता बघता मॅनेजरचे दोन्ही हात हनुवटीपर्यंत भरले. वाऱ्याने पिशव्या उडायला लागल्या तशा त्याने त्या घट्ट धरल्या आणि ठेवायला जागा शोधू लागला.

हिरवी पेटी हाताच्या अंतरावर होती. अख्खं दार बघत होतं, की तो त्या कुठे ठेवतो.

“धरून बसा,” मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. “मंगळवारी… गाडी येते.”

आणि त्यांनी इस्त्री सरकवून पुढचा त्रिकोण उघडायला घेतला.